मध्ये मालक नसलेलं खासगी जाळं: टिंक वापरून पीअर-टू-पीअर व्हीपीएन उभारताना

डेस्कटॉप एकीकडे, भाड्याने घेतलेला छोटा सर्व्हर दुसरीकडे, लॅपटॉप कायम फिरतीवर आणि चौथा कॉम्प्युटर मित्राकडे. ही सगळी यंत्रं एकाच राउटरला जोडल्यासारखी आपसात बोलावीत, फाइली थेट इकडून तिकडे जाव्यात आणि हे सगळं कुठल्या कंपनीच्या खात्यावर अवलंबून नसावं, असं वाटणाऱ्यांसाठी हा लेख आहे. टिंक नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरने ते कसं उभारायचं ते यात सांगितलं आहे. मी यातून गेलो आहे. नवख्याचा वेळ सॉफ्टवेअर शिकण्यात फारसा जात नाही. पत्ते ठरवणं, किल्ल्या, म्हणजे यंत्रांची ओळख पटवणारे सांकेतिक मजकूर, पोचवणं आणि अडलंय नेमकं कुठे हे शोधणं यातच तो जातो. म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

कमांड, फाइली आणि सेटिंगांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती आणि सगळे आकडे अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.

आधी एक घोळ मिटवू

व्हीपीएन (व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, म्हणजे आभासी खासगी जाळं) या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी समोर येतात. पहिली म्हणजे जाहिरातींत दिसणारी सशुल्क सेवा. तिथे तुमचा सगळा इंटरनेट ट्रॅफिक त्या कंपनीच्या सर्व्हरमधून बाहेर पडतो आणि वेबसाइटला तुमच्याऐवजी त्या सर्व्हरचा आयपी पत्ता दिसतो. दुसरी गोष्ट 'विकेंद्रित व्हीपीएन' म्हणून मिरवते. तिच्यात वापरणारेच एकमेकांना आपलं इंटरनेट कनेक्शन वाटतात, कधी टोकनच्या, म्हणजे डिजिटल नाण्यांच्या, मोबदल्यात. अशा सेवेत सामील होण्याआधी नीट विचार करा, कारण अनोळखी माणसाचा ट्रॅफिक तुमच्या आयपी पत्त्यावरून बाहेर पडणार आणि त्याने काही उद्योग केले तर पहिली विचारणा तुमच्याकडे होणार.

आपल्याला हवी आहे ती तिसरी गोष्ट: ओळखीच्या यंत्रांचं आपसातलं खासगी जाळं. ते तुमचा पत्ता जगापासून लपवत नाही. तुमचं ब्राउझिंग नेहमीच्याच वाटेने जातं. फक्त जाळ्यातल्या यंत्रांमधला संवाद एन्क्रिप्ट होऊन जातो.

नेहमीच्या व्हीपीएनमध्ये मध्ये एक सर्व्हर असतो आणि प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, त्याच्यातूनच जातं. एकाच खोलीतल्या दोन लॅपटॉपना फाइल द्यायची असली तरी ती दूरच्या सर्व्हरला वळसा घालून येते. सर्व्हर पडला की सगळंच बंद. पीअर-टू-पीअर जाळ्यात प्रत्येक यंत्र, म्हणजे नोड, शक्य असेल तिथे दुसऱ्या नोडशी थेट बोलतो. थेट वाट मिळाली नाही, तरच तिसरा नोड मधला निरोप्या होतो.

कोणतं सॉफ्टवेअर?

पर्याय बरेच आहेत आणि 'विकेंद्रित' हा शब्द प्रत्येकाच्या बाबतीत वेगळ्या प्रमाणात खरा आहे. झीरोटिअर आणि टेलस्केल बसवायला सगळ्यात सोपे. त्यांत डेटा थेट जातो, पण कोण जाळ्यात आहे आणि कोण नाही याचा हिशेब ठरावीक कंट्रोलरकडे किंवा समन्वय सर्व्हरकडे असतो. टेलस्केलसाठी हा सर्व्हर स्वतः चालवायचा असेल तर हेडस्केल हा मुक्त पर्याय आहे. स्लॅक कंपनीने २०१९ मध्ये खुलं केलेलं नेब्युला सर्टिफिकेटवर, म्हणजे प्रत्येक यंत्राला दिलेल्या डिजिटल ओळखपत्रावर, चालतं. यंत्रं शेकड्यांनी असतील तर तेच घ्या. एन-टू-एनमध्ये 'सुपरनोड', म्हणजे यंत्रांना एकमेकांचा ठावठिकाणा सांगणारा सर्व्हर, लागतो. यग्ड्रसिल तर प्रत्येक नोडचा आयपीव्ही-सिक्स (आयपीची नवी, लांब पत्त्यांची आवृत्ती) पत्ता थेट त्याच्या किल्लीतूनच काढतं. ती कल्पना फार सुंदर आहे, पण सुरुवात तिथून करू नका.

मग वायरगार्ड का नको? वायरगार्ड उत्तमच आहे. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून ते कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, आहे आणि वेगात टिंक त्याच्या जवळपासही येत नाही. पण वायरगार्ड स्वतःहून जाळं विणत नाही. प्रत्येक जोडीची माहिती तुम्हीच लिहायची. दहा यंत्रांना थेट जोडायचं म्हणजे पंचेचाळीस जोड्या झाल्या, आणि नवं यंत्र आलं की सगळीकडे पुन्हा लिहिणं आलं.

टिंक १९९८ पासून आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे, खातं मागत नाही आणि जाळं स्वतः विणतं. सगळं साध्या टेक्स्ट फाइलींत असतं, त्यामुळे आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. त्याचा विकास सावकाश चालतो आणि वेग मध्यम आहे, हे मान्य करूनही शिकण्यासाठी आणि लहान गटासाठी मी त्याचंच नाव सुचवीन. टिंकवर हात बसला की बाकीची सॉफ्टवेअर समजायला वेळ लागत नाही, कारण प्रश्न सगळीकडे तेच आहेत.

काय काय लागेल

- किमान दोन यंत्रं, त्यातल्या एकाला तरी बाहेरून गाठता आलं पाहिजे
- दोन्हींवर अ‍ॅडमिन किंवा रूट अधिकार
- राउटरचं अ‍ॅडमिन पान उघडता येणं, पोर्ट (यंत्राचं क्रमांक दिलेलं दार) तिथून उघडायचा असेल तर
- विंडोज असेल तर टॅप ड्रायव्हर (आभासी नेटवर्क कार्ड बनवणारा)
- फाइली सुरक्षितपणे पाठवायची सोय: एसएसएच (दूरच्या यंत्राशी एन्क्रिप्टेड जोडणी) किंवा पेनड्राइव्ह
- एक वही किंवा स्प्रेडशीट

शेवटची गोष्ट वगळायचा मोह होईल. वगळू नका.

पायरी १: आधी कागदावर मांडा

जाळ्याला नाव द्या. इथे आपण 'गोतावळा' म्हणू. मग प्रत्येक नोडला नाव द्या: भाड्याचा सर्व्हर 'सागर', डेस्कटॉप 'डोंगर', लॅपटॉप 'पारवा'. टिंकमध्ये नोडच्या नावात फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात. हायफन चालत नाही. यंत्रांच्या होस्टनेममध्ये हायफन सर्रास असतो आणि लोक तेच नाव जसंच्या तसं उचलतात, म्हणून ही अडचण पहिल्याच दिवशी भेटते.

आता पत्ते. खासगी वापरासाठी राखलेल्या पट्ट्या तीन: १०.०.०.० पासूनची मोठी, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ आणि १९२.१६८ ने सुरू होणारी. शेवटची कटाक्षाने टाळा. असंख्य राउटर १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० हीच पट्टी वापरतात. तुमचं जाळंही तिथेच असेल तर लॅपटॉप कुणाच्या वाय-फायवर गेला की एकाच पट्टीकडे जाणाऱ्या दोन वाटा तयार होतात आणि पॅकेट भलतीकडे जातात. घरी सगळं नीट चालतं, बाहेर गेलं की बंद पडतं, आणि कारण काही सापडत नाही. दहाच्या पट्टीतला मधलाच एखादा आकडा घ्या. १०.०.० आणि १०.१.१ सारखे सोपे आकडेही नकोत, कारण ते सगळ्यांनाच सुचतात. आपण १०.४४.०.०/२४, म्हणजे १०.४४.०.० ते १०.४४.०.२५५ ही पट्टी, घेऊ: सागर १०.४४.०.१, डोंगर १०.४४.०.२, पारवा १०.४४.०.३.

वहीत प्रत्येक नोडसाठी एक ओळ: नाव, जाळ्यातला पत्ता, बाहेरून दिसणारा पत्ता असल्यास तो, यंत्र कुणाच्या ताब्यात आहे आणि किल्ली कधी बनवली. मध्यवर्ती सर्व्हर असता तर ही नोंद त्याने ठेवली असती. इथे ती कुणीच ठेवत नाही. दोन नोडना एकच पत्ता दिला गेला तर टिंक तुम्हाला थांबवणार नाही. पॅकेट कधी याच्याकडे जातील, कधी त्याच्याकडे.

पायरी २: बाहेरून दिसणारा एक नोड शोधा

दोन्ही यंत्रं राउटरच्या मागे लपलेली असतील तर पहिली हाक कुणी कुणाला मारायची? म्हणून निदान एका नोडचा पत्ता बाकीच्यांना माहीत हवा आणि तिथे दार उघडं हवं. टिंकचा ठरलेला पोर्ट ६५५ आहे आणि तो टीसीपी व यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडावा लागतो (टीसीपी प्रत्येक तुकड्याची पोच घेतं, यूडीपी घेत नाही). नोडची आपसातली ओळखपाळख आणि जाळ्याची माहिती टीसीपीवरून जाते, प्रत्यक्ष डेटा शक्यतो यूडीपीवरून. फक्त टीसीपी उघडला तर जाळं जुळलेलं दिसतं, पण डेटा टीसीपीवरून रेटला जातो आणि सगळं सुस्त होतं. 'चालतंय पण फार हळू' अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच बघतो.

घरच्या कनेक्शनवर पोर्ट उघडण्याआधी एक तपासणी करा. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा जो आयपी पत्ता दिसतो तो आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या वेबसाइटवर दिसणारा, हे दोन्ही ताडून पाहा. ते वेगळे असतील, आणि विशेषतः राउटरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्याने सुरू होत असेल, तर तुम्ही सेवादात्याच्या सामाईक नॅटमागे, म्हणजे अनेकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे, आहात. तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कुणी आत येणार नाही. अशा वेळी राउटरशी झटत बसू नका. छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या, किंवा गटात ज्याच्याकडे खरा सार्वजनिक पत्ता आहे त्याला विचारा. दोन्ही बाजूंना आयपीव्ही-सिक्स मिळत असेल तर नॅटचा प्रश्नच उरत नाही, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट द्यावी लागते.

पत्ता बदलता असेल तर डायनॅमिक डीएनएसचं नाव, म्हणजे पत्ता बदलला तरी तेच राहणारं नाव, वापरा. पत्त्याच्या जागी टिंकला नावही चालतं. आणि जमलं तर असे दोन नोड ठेवा. एकच ठेवला, तर तो बंद असताना नव्याने सुरू होणाऱ्या यंत्रांना आत यायला वाट राहत नाही.

पायरी ३: इन्स्टॉल करा, आणि कोणतं ते बघा

बहुतेक लिनक्स वितरणांच्या भांडारात टिंक आहे. त्याच्या दोन शाखा आहेत. १.० ही स्थिर. १.१ वर्षानुवर्षं 'प्री' आवृत्त्यांमध्येच आहे, पण तिच्यात निमंत्रणाची सोय आणि जास्त चांगलं एन्क्रिप्शन आहे. दोन्ही शाखांचे नोड एकमेकांशी बोलतात, मात्र तेव्हा जुना प्रोटोकॉल वापरला जातो.

१.० घेत असाल तर ती १.०.३५ किंवा त्यापुढचीच असली पाहिजे. २०१८ मध्ये ओळख पटवण्याच्या प्रक्रियेतल्या गंभीर त्रुटी सापडल्या आणि त्या आवृत्तीत त्या बुजवल्या गेल्या. एखाद्या जुन्या उपकरणावर आयतंच टिंक मिळालं म्हणून खूश होण्याआधी आवृत्ती बघा.

पायरी ४: पहिला नोड

लिनक्सवर 'ईटीसी'च्या आत 'टिंक', त्याच्या आत जाळ्याच्या नावाचं फोल्डर आणि त्याच्या आत 'होस्ट्स' नावाचं फोल्डर बनवा. मग तीन गोष्टी लिहायच्या.

मुख्य फाइल, म्हणजे 'टिंक डॉट कॉन्फ'. सागरवर हिच्यात एकच ओळ पुरते: नेम बरोबर सागर.

होस्ट फाइल. 'होस्ट्स' फोल्डरमध्ये नोडच्याच नावाची फाइल. हिच्यात दोन ओळी: अ‍ॅड्रेस, म्हणजे बाहेरून दिसणारा खरा पत्ता, आणि सबनेट, म्हणजे जाळ्यातला पत्ता. फाइलचं नाव आणि मुख्य फाइलमधलं नाव तंतोतंत एकच हवं.

'टिंक-अप' ही छोटी स्क्रिप्ट. टिंक सुरू झालं की ही चालते आणि आभासी नेटवर्क कार्डाला पत्ता देते. इथे दोन ओळी असतात: इंटरफेस, म्हणजे ते आभासी कार्ड, चालू कर, आणि त्याला १०.४४.०.१/२४ हा पत्ता लाव.

आता थांबा, कारण जवळजवळ प्रत्येक नवखा इथे अडखळतो. होस्ट फाइलमधल्या सबनेटला /३२ लावायचं आणि टिंक-अपमध्ये /२४. पत्ता एकच, शेपूट वेगळं. होस्ट फाइल टिंकला सांगते की 'हा एकच पत्ता या नोडकडे आहे'. टिंक-अप आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमला सांगते की 'ही अख्खी पट्टी या इंटरफेसमधून गाठता येते'. होस्ट फाइलींत सगळ्यांनीच /२४ लिहिलं तर प्रत्येक नोड संपूर्ण पट्टीवर हक्क सांगतो. टिंक-अपमध्ये /३२ लिहिलं तर दुसऱ्या नोडकडे जायची वाटच तयार होत नाही. दोन्ही चुकांत टिंक चालू असतं, जोडणी झालेली दिसते, आणि पिंग, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघणारी छोटी हाक, मात्र जात नाही.

टिंक-अपला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका. ती नसेल तर नोड जुळतो, पण इंटरफेसला पत्ता मिळत नाही.

मग किल्ल्या. १.० मध्ये टिंक-डी ला, म्हणजे टिंकच्या मुख्य प्रोग्रामला, मोठा 'के' हा पर्याय दिला की खासगी आणि सार्वजनिक किल्लीची जोडी बनते. हे मुख्य फाइलमध्ये नाव लिहिल्यानंतरच करा, म्हणजे सार्वजनिक किल्ली आपोआप तुमच्या होस्ट फाइलच्या शेवटी चिकटते. खासगी किल्लीची फाइल त्या यंत्राबाहेर कधीही जाता कामा नये. कुणी मदत करतो म्हणाला तरी नाही.

१.१ मध्ये हे बरंचसं काम 'इनिट' ही एक कमांड करते. तरीही एकदा हाताने करून बघा, कारण पुढे काही अडलं तर याच फाइली उघडाव्या लागणार आहेत.

पायरी ५: दुसरा नोड आणि फाइलींची अदलाबदल

डोंगरवर हेच सगळं पुन्हा करा: नाव डोंगर, पत्ता १०.४४.०.२. फरक दोनच. डोंगर बाहेरून दिसत नसेल तर त्याच्या होस्ट फाइलमध्ये अ‍ॅड्रेसची ओळ नको. आणि मुख्य फाइलमध्ये एक ओळ जास्त: कनेक्ट-टू बरोबर सागर.

आता सागरची होस्ट फाइल डोंगरच्या 'होस्ट्स'मध्ये ठेवा आणि डोंगरची सागरच्या. दोन्हीकडे दोन्ही फाइली दिसल्या पाहिजेत. या फाइलीत फक्त सार्वजनिक किल्ली आहे, त्यामुळे ती कुणी वाचली तर काही बिघडत नाही. पण वाटेत कुणी बदलली तर सगळंच बिघडतं. तुमच्या मित्राच्या जागी भलत्याचीच किल्ली तुम्ही आत घ्याल. म्हणून एसएसएचने न्या. मेल किंवा चॅटवरून पाठवलीच, तर फोन करून किल्लीचे सुरुवातीचे आणि शेवटचे काही वर्ण एकमेकांना वाचून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण या सगळ्या रचनेची सुरक्षितता त्या दोन मिनिटांवर उभी आहे.

विंडोजवर टॅप ड्रायव्हरने बनवलेल्या नेटवर्क अ‍ॅडॅप्टरला जाळ्याचं नाव द्या आणि त्याच्या सेटिंगमध्ये पत्ता व २५५.२५५.२५५.० हा मास्क हाताने भरा.

पायरी ६: चालू करा, पण पार्श्वभूमीत नको

पहिल्यांदा टिंक-डी टर्मिनलमध्ये समोरच चालवा: मोठा 'डी' पर्याय, आणि जोडीला छोट्या 'डी'ने तपशिलाची पातळी ३ किंवा ५. दोन्ही बाजूंना दोन खिडक्या उघडा आणि काय छापलं जातंय ते वाचा. सगळं ठीक असेल तर एकमेकांची नावं आणि जोडणी सक्रिय झाल्याची ओळ दिसेल.

बिघाड शोधताना क्रम सोडू नका. एकेक थर तपासत वर या.

सगळ्यात आधी, सागरचा खरा पत्ता डोंगरवरून गाठता येतो का? टिंक बाजूला ठेवून पोर्ट ६५५ वर टीसीपीने जोडून बघा. जोडणी नाकारली गेली तर तिथे बहुधा टिंक चालू नाही. नुसतंच वाट बघत बसलं तर बहुधा मध्ये फायरवॉल आहे.

जोडणी झाली पण ओळख पटली नाही, अशी ओळ आली तर किल्ल्या जुळत नाहीत. याचं नेहमीचं कारण म्हणजे एका बाजूने नंतर पुन्हा किल्ली बनवली आणि दुसऱ्या बाजूला जुनीच फाइल राहिली. वहीतली तारीख इथे कामी येते.

ओळख पटली पण पिंग नाही? इंटरफेसला पत्ता मिळालाय का बघा, मग ते /३२ आणि /२४ बघा. त्यानंतर समोरच्या यंत्राचा स्वतःचा फायरवॉल. विंडोज पिंगला बहुधा उत्तरच देत नाही.

पिंग जातंय, पण एसएसएच लटकतं, किंवा छोटी फाइल जाते आणि मोठी अडकते? मग पॅकेटच्या आकाराची भानगड आहे. साध्या इथरनेटवर १५०० बाइटचं पॅकेट मावतं, पण एन्क्रिप्शनचं वेष्टन चढल्यावर आतल्या मालाला तेवढी जागा उरत नाही. टिंक ही मर्यादा स्वतः मोजतं. मात्र वाटेतला एखादा राउटर 'पॅकेट मोठं आहे' हा निरोपच गिळून टाकत असेल तर मोजमाप फसतं. 'तुकडे करू नका' अशी खूण लावून वेगवेगळ्या आकाराचे पिंग पाठवा, कुठल्या आकाराला अडतं ते कळेल. मग टिंक-अपमध्ये इंटरफेसचा एमटीयू (पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) त्याखाली, म्हणजे १४०० किंवा १३०० वर आणा. हा दोष ओळखायला अवघड आणि दुरुस्तीला सोपा आहे.

पायरी ७: तिसरा नोड, आणि जाळं कसं विणलं जातं ते पाहा

पारवाची फाइल फक्त सागरला द्या आणि पारवाला फक्त सागरची. कनेक्ट-टूही सागरच. आता पारवावरून डोंगरला पिंग करा. त्या दोघांना एकमेकांची ओळख तुम्ही करून दिलेली नाही, तरी पिंग जातं. सागरने दोघांना एकमेकांविषयी कळवलं आणि त्यांनी नॅटमधून थेट वाट काढायचा प्रयत्न केला. पहिली काही पॅकेट सागरमार्फत जातात. थेट वाट सापडली की प्रतिसादाचा वेळ झपकन खाली येतो. पिंगचे आकडे एकाखाली एक उतरत जाताना बघणं हा या कामातला फार आनंदाचा क्षण आहे.

१.१ मध्ये 'इन्फो' या कमांडला नोडचं नाव दिलं की संवाद यूडीपीने थेट चाललाय, टीसीपीने, की दुसऱ्याच्या मार्फत, हे स्पष्ट छापलं जातं. १.० मध्ये टिंक-डी ला 'यूएसआर-टू' सिग्नल पाठवला की माहीत असलेले सगळे नोड लॉगमध्ये उतरतात.

थेट वाट नेहमीच निघते असं नाही. काही नॅट प्रत्येक नव्या ठिकाणासाठी नवा पोर्ट वापरतात. दोन्ही बाजूंना अशी नॅट असली तर सागरच्या मार्फतच बोलावं लागतं, आणि तेव्हा सागरच्या इंटरनेटचा वेग हीच तुमची मर्यादा. दोन यंत्रं एकाच घरात असूनही वळसा घेत असतील तर 'लोकल डिस्कव्हरी', म्हणजे त्याच नेटवर्कवरचे नोड शोधायची सेटिंग, चालू आहे का ते बघा.

सगळे नोड १.१ वर असतील तर फाइलींची अदलाबदल टाळता येते. सागरवर 'इन्व्हाइट' कमांडने एक दुवा बनवायचा आणि नव्या माणसाने तो 'जॉइन'ला द्यायचा. दुवा एकदाच वापरता येतो आणि काही वेगळं ठरवलं नसेल तर सात दिवसांत बाद होतो. पण तो ज्याच्या हाती लागेल तो आत येतो, म्हणून गटाच्या सामाईक चॅटमध्ये टाकू नका. आत आल्यावरही इंटरफेसचा पत्ता टिंक-अपमध्ये आहे ना, हे एकदा तपासा.

पायरी ८: आत आलेल्याला काय काय दिसतं

जाळं जुळलं की लोक थांबतात. थांबू नका, कारण आता तुमच्या यंत्राला एक नवं दार फुटलं आहे. 'घरच्याच नेटवर्कवर आहे' म्हणून पासवर्डविना ठेवलेली फाइल शेअरिंग, डेटाबेस, राउटरचं पान यांपैकी जे काही सगळ्या इंटरफेसवर ऐकत असेल, ते आता मित्राच्या यंत्रालाही दिसतं. आणि मित्राच्या यंत्रात मालवेअर शिरलं तर त्यालाही. टिंकच्या इंटरफेसवर फायरवॉल लावा: आधी सगळं बंद, मग हवं तेवढंच उघडं.

आणखी एक गोष्ट मूळ रचनेतच आहे. आत आलेला कुठलाही नोड 'हा पत्ता माझा' असं जाहीर करू शकतो आणि बाकीचे ते मानतात. स्वतःच्याच यंत्रांचं जाळं असेल तर चालून जाईल. वेगवेगळ्या माणसांची यंत्रं असतील तर 'स्ट्रिक्ट सबनेट्स' चालू करा. मग तुमच्या 'होस्ट्स'मध्ये लिहिलेले पत्तेच ग्राह्य धरले जातात. त्यासाठी सगळ्यांच्या फाइली सगळ्यांकडे ठेवाव्या लागतात. कटकट वाढते, पण ती करावी असंच माझं मत आहे. शिवाय १.० मध्ये, थेट जोडणी नसलेल्या दोन नोडच्या सत्र-किल्ल्या (त्या संवादापुरत्या बनवलेल्या) मधल्या नोडच्या हातातून जातात. म्हणजे मधल्या नोडने मनात आणलं तर तो वाचू शकतो. मधला नोड पूर्ण विश्वासाच्या माणसाकडेच हवा, किंवा सगळ्यांनी १.१ वर यावं.

पायरी ९: कायमचं चालू ठेवणं आणि एखाद्याला बाहेर काढणं

सगळं तपासून झालं की मगच टिंकला सिस्टिम-डीची (लिनक्सवर सेवा सुरू करणारी यंत्रणा) सेवा म्हणून बूटच्या वेळी आपोआप सुरू व्हायला सांगा. पूर्ण फोल्डरची प्रत घ्या, आणि त्यात खासगी किल्ली असल्यामुळे ती प्रत एन्क्रिप्ट करूनच ठेवा.

लॅपटॉप हरवला, किंवा एखादा गटातून गेला, तर काय? नेब्युलासारख्या रचनेत सर्टिफिकेटला मुदत असते आणि त्याचा ठसा (फिंगरप्रिंट) बाद यादीत टाकता येतो. टिंकमध्ये असं काही नाही. ज्या ज्या नोडवर पारवाची होस्ट फाइल आहे, त्या प्रत्येकावरून ती काढावी लागते आणि टिंक-डी ला 'एचयूपी' सिग्नल द्यावा लागतो, म्हणजे तो फाइली पुन्हा वाचतो आणि ती जोडणी तोडतो. तुम्ही सागरवरून काढली, पण मित्राच्या यंत्रावर ती तशीच राहिली, तर पारवा मित्राच्या दारातून आत येतो आणि सगळ्यांना गाठतो. म्हणून कुणाची फाइल कुणाकडे आहे हेही वहीत लिहा.

काढून झाल्यावर दोन-तीन वेगवेगळ्या नोडवर यादी छापून बघा. पारवा त्यात पोचण्याजोगा दिसत असेल, तर कुणाच्या तरी 'होस्ट्स' फोल्डरमध्ये त्याची फाइल अजून आहे. पारवाकडे जाणारी कडी कोणत्या नोडपासून निघते तेही त्याच यादीत असतं. वहीत त्या नोडच्या नावापुढे ज्याचं नाव आहे, त्याला फोन करा.